टाचेला टाच की बोटं

माझ्या बाहेरच्या खोलीत दोन शिकलेली माणसं माझ्याच चपला हातात घेऊन भांडत होती. एक माझी नणंद, दुसरा तिच्यासोबत काम करणारा गृहस्थ. उंचीमुळे आम्ही त्याला घरात जिराफ म्हणायचो. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"टाचेला टाच लागते," जिराफ म्हणाला.

"टाचेला बोटंही लागत असतील. तुला कशावरून कळलं?"

"माप जुळतंय."

"माप दोन्हीकडून जुळतंय. म्हणजे तुला काहीच कळलेलं नाही."

मी चहा नेऊन ठेवला आणि म्हटलं, "वन्सं, माझ्या पायात बसतात, तेवढं पुरे."

भांडण प्रथिनांचं होतं. प्रथिन अंड्यात असतं, एवढीच माझी विद्या. वन्सं वरच्या मजल्यावर राहायच्या. लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या, म्हणून समजवायला त्यांना मीच होते. प्रथिन म्हणजे घडी घातलेला लांब दोरा, आणि काही प्रथिनं जोडीनंच काम करतात. डोळ्यांना दिसत नाहीत. मग ती पाण्यात कालवून काडीएवढ्या काचेच्या नळीत भरायची आणि नळी भल्यामोठ्या चुंबकात सोडायची. तिथे जवळचे कण एकमेकांना ओ देतात, लांबचे देत नाहीत. कोण कोणाजवळ हे जमवत जमवत आकार काढायचा. यांच्या जोडीतली दोघं मात्र जुळी, हुबेहूब. ओ आली ती स्वतःच्याच अंगातून की शेजाऱ्याच्या, तेच कळेना. म्हणून जुळी टाचेला टाच लावून बसतात की टाचेला बोटं, यावर माझ्या चपला घेऊन वाद.

जिराफाने टाचेला टाच असाच आकार धरून लेख छापून टाकला. वन्संनी त्याआधीच त्यावरून स्वतःचं नाव काढून घेतलं. बोलणं बंद. तरी चुंबक दोघांनी मिळून सांभाळला. त्याला दर आठवड्याला गारठवून पातळ केलेला नायट्रोजन पाजावा लागे, नाहीतर त्याचा जीव जायचा. अबोला धरलेल्या जावा स्वयंपाकाच्या पाळ्या करतात, तसं यांचं चाले.

वन्संचा रस्ता लांबचा. जंतूंना वेगळं, जड खाद्य घालून त्यांच्याकडून खुणेचं प्रथिन वाढवून घ्यायचं, मग एक खुणेचं आणि एक साधं अशी जोडी लावायची, म्हणजे ओ कोणाची ते कळेल. पण जुळी एकमेकांना सोडेनात, आणि सोडवली की दुधासारखी नासत. त्यात वर्षं गेली. जिराफ निवृत्त झाला. मग वन्संचीही निवृत्ती आली, आणि हुकूम निघाला की त्यांच्यामागोमाग जुना चुंबकही बंद.

"त्याआधी कळलं नाही वहिनी, तर मी नुसतीच अडून बसले असं होईल."

शेवटी त्यांनी सोडवायची खटपटच सोडली. दोन्ही प्रथिनं एकत्र थंडीत ठेवून दिली, तेव्हा ती सावकाश आपणहून जोड्या बदलू लागली. उत्तर आलं तसा त्यांनी माझ्यासमोरच जिराफाला स्पीकरवर फोन लावला.

"टाचेला टाच," त्या म्हणाल्या.

"मग मी काय सांगत होतो?"

"सांगत होतास. माहीत नव्हतं तुला."

"नव्हतं. अंदाज होता. आता तुझ्या लेखात माझं नाव नको."

"घालणार नव्हतेच."

"खूण दुसऱ्या बाजूला घालून पडताळलंस?"

"ती नळी चुंबकात लावलीय. उद्या संपेल."

चुंबक परवा बंद व्हायचा होता, तरी वन्सं त्याला नायट्रोजन पाजायला निघाल्या. मी म्हटलं, "मरायला टेकलेल्याला कशाला पाजता?"

"आत नळी आहे ना," म्हणत त्यांनी पिशवी उचलली. मीही सोबत गेले. त्यांनी जाड हातमोजे घातले, नळ जोडला, पांढऱ्या वाफेत उभ्या राहिल्या. वरून थेंब उडू लागले तशी चावी बंद केली, काटा पाहिला आणि दिवा मालवला.