मामाची मांडी

लस दिल्यावर बाळाची मांडी थोडीफार सुजतेच. पण शेजारच्या घरातल्या नातवाची मांडी काळीनिळी होऊन टम्म फुगली आणि त्याच्या आजीने सगळ्या गल्लीला सांगितलं, "सिस्टरचा हात लई जड हाय." ती सिस्टर म्हणजे मी. घाटनांदूरला नोकरीला आल्यापासून या हाताने कितीतरी लेकरं टोचली, कुणाची तक्रार नाही. मला भयंकर राग आला होता. तरी जावळाचं बोलावणं आलं तेव्हा गेले. शेजाऱ्यांपासून तोंड फिरवून भागत नाही.

बाळाचे डोळे थेट मामासारखे आहेत, असं कौतुक आल्यापासून कानावर पडत होतं. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात. मामा सिरसाळ्याहून आला होता, तिशीतला. त्याला मांडी घालता येईना. एक पाय लांब सोडून, भिंतीला टेकून तो कसाबसा पाटावर बसला. पायजमा जरा वर सरकला आणि त्याचा गुडघा दिसला. नारळाएवढा.

बाळाची आई माझ्या शेजारीच उभी होती. "दादा पडले का कुठं?" मी विचारलं.

"न्हाई ओ सिस्टर. लहानपणापासूनच सुजतो. एकदा दात पाडला तर रगत थांबतच नव्हतं. आमी आस सोडलती."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. नर्सिंगच्या वर्गात हे फळ्यावर रेघा मारून शिकवलं होतं. रक्त नीट न गोठण्याचा हा दोष बाईला सहसा त्रास देत नाही, पण तिच्यातून मुलात उतरतो. म्हणून मामाला असला तर भाच्याला असू शकतो. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता त्याच रेघा माझ्यासमोर होत्या. तो मामाचा गुडघा, ती भाच्याची मांडी, आणि दोघांना जोडणारी ही धडधाकट पोरगी, जिला स्वतःला साधं डोकंही दुखत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. या पोरीच्या आईपासून नातवापर्यंत एवढी मोठी गोष्ट रक्तातून गुपचूप चालत आली होती, आणि आम्ही तिच्याभोवती बसून पेढे खात होतो. मी इतकी थक्क झाले की क्षणभर भीतीही वाटली नाही.

जावळ झालं. सोनार कान टोचायला तार घेऊन पुढे सरकला आणि मी भानावर आले. "थांबा," मी म्हणाले, "आज कान टोचायचे नाहीत. आधी मामा-भाच्याचं रक्त तपासू."

कारण सांगितलं तशी आजी सुनेकडे वळली. "म्हंजी खोट हिच्या माहेरची हाय म्हणा की."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. लसीच्या वेळचा सगळा राग माझ्या जिभेवर आला. "आजी, डोळे मामाचे आले त्याचं कौतुक करताय ना? हेही तिथूनच आलंय. तिनं काही मागून आणलं नाही."

सोनाराने तार पिशवीत ठेवली.

मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. दोघांनाही तोच आजार निघाला. त्यावर इंजेक्शन आहे, ते तिथेच मिळतं, आता दोघंही घेतात. आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मामाने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. गावाने त्या पायाला वात म्हटलं होतं, करणी म्हटलं होतं, आळस म्हटलं होतं. "ह्याला नाव हाय व्हय," एवढंच तो म्हणाला.

पोरगं आता चालतं. पडलं, सुजलं की आई लगेच घेऊन निघते, कुणी तिला बोल लावत नाही. कान अजून तसेच आहेत. परवा मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले होते. सुई टोचताना लेकरू मामाच्याच मांडीवर होतं, आणि आईचे डोळे भरून आले. मामाने आपल्या वाकड्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रडू नको," तो म्हणाला. "माझं दुखणं वाया न्हाई गेलं."