रंगाऱ्यांच्या क्लबाचे रणदिवे

ऐन मे महिन्यात, पंखासुद्धा गरम हवा फेकत असताना, गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले रणदिवे. दर शनिवारी संध्याकाळी तो मफलर कपाटातून निघायचा. रंग विचारू नका. तान्ह्या बाळाचं दुपटं धुवायला टाकताना जो रंग दिसतो, तो. मी बिबवेवाडीच्या या सोसायटीत नवी राहायला आले, तेव्हा विरजण मागायला म्हणून त्यांचं दार वाजवलं. हे ध्यान मफलर लावून, घामानं निथळत दारात उभं. मी विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" म्हणाले, "बरं कसं असेल? तीन गोल खाल्लेत." आणि दार लावून घेतलं. विरजण नंतर त्यांच्या बायकोनं, कुसुमनं, आणून दिलं.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही आणि कळून घ्यायचीही हौस नाही. पण रणदिव्यांनी मला त्या क्लबाचा इतिहास इतक्यांदा ऐकवला, की मी शाळेत जन्मभर शिकवलेला इतिहास विसरेन, हा विसरणार नाही. इंग्लंडच्या उत्तरेला कालव्याकाठचं एक गाव. तिथे कापड रंगवण्याचे कारखाने. कारखान्यातल्या रंगाऱ्यांनी क्लब काढला, पण शर्ट रंगवायला पैसे कुठले? मग कढईच्या तळाशी जो गाळ उरायचा, जो कुणी विकतही घेत नसे, त्यात शर्ट बुडवले. तोच हा मोहरीच्या फेसासारखा रंग. बिल्ल्यावर एक कढई आणि तिच्यात आडवा दांडा. "दुसऱ्यांचे रंग राजाचे, सरदाराचे," रणदिवे म्हणायचे, "आमचा तळाचा. त्याच्या खाली काही नाही, म्हणून घाबरायचंही काही नाही."

हा माणूस तिथे पोचला कसा? तरुणपणी त्यांच्या कारखान्यानं त्यांना एका यंत्राचं काम शिकायला त्या गावी पाठवलं होतं. अख्खा हिवाळा एका म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्यानं राहिले. शनिवारी दुपारी गल्ली ओस पडायची. एकदा त्या बाईनं हाच मफलर यांच्या गळ्यात अडकवला आणि गर्दीच्या मागून पिटाळलं. "बाई, तिथे जो तो विचारायचा, कुठून आलात, परत कधी जाणार," रणदिवे मला सांगायचे. "मैदानात शेजारी एक कामगार उभा होता. त्यानं थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला आणि म्हणाला, आज आपण हरणार. आपण म्हणाला! त्या देशात मला कुणी पहिल्यांदा आपल्यात धरलं." हे सांगताना दर वेळी ते चष्मा काढून पुसायचे. आणि त्या दिवशी हरलेच म्हणे ते.

त्यानंतर हरतच राहिले. पुण्यात बसून रणदिवे आधी रेडिओच्या खरखरीतून आणि मग फोनच्या पडद्यावर ते हरणं बघत राहिले. आमच्या वरच्या मजल्यावर तुषार राहतो, हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत आहे. तो दर वर्षी जो क्लब जिंकेल त्याची जर्सी घेतो. जिन्यात भेटला की रणदिवे विचारायचे, "काय तुषारराव, यंदा कुणाकडे नांदताय?" तो बिचारा हसायचा. हे हसायचे नाहीत. एकदा तो म्हणाला, "काका, तुम्हीपण चांगला क्लब घ्या ना!" रणदिव्यांचा चेहरा ताटात झुरळ निघाल्यासारखा झाला. "घ्यायला ती काय भाजी आहे?" एवढंच बोलले आणि आत गेले.

रणदिवे जाऊन आता वर्ष होईल. त्याच्या आधीच्या वर्षी क्लब विकला गेला. घेणारी कुठली तरी हॉटेलवाली कंपनी. तिला त्या गावाशी देणं ना घेणं. तिनं पहिल्या झटक्यात रंग बदलला. लाल! कढई काढून टाकली आणि बिल्ल्यावर सिंह बसवला. कारण काय, तर आशियातल्या लोकांना लाल आवडतो आणि सिंह आवडतो. रणदिवे माझ्याकडे आले ते पांढरेफटक. "त्या गावात धड मांजर नाही हो, बाई, सिंह कुठून आणला?" मला त्या क्लबाचं काय पडलं होतं? पण खरं सांगते, मला शिसारी आली. दुसऱ्याच्या बापजाद्यांचा घाम पुसून टाकायचा आणि वर आमच्या आवडीचं नाव पुढे करायचं! शी!

तेवढ्यात तुषार बातमी घेऊन आला. त्या क्लबाचा मोठा साहेब पुण्यात येतोय, हिंजवडीकडच्या एका मॉलमध्ये मुलांसाठी फुटबॉलची शाळा उघडणार, आणि तिथे रणदिव्यांचा सत्कार करायचाय. भारतातला सर्वांत जुना चाहता म्हणून. मला वाटलं, आता हे तुषारला जिन्यावरून खाली ढकलतात. पण नाही. त्यांचे डोळे चमकले. "मी त्याला समोरासमोर सांगतो. रंगाऱ्यांची गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नसेल. कळली तर तो रंग परत आणेल." मग आठवडाभर गॅलरीत येरझाऱ्या घालत इंग्रजी भाषणाची घोकंपट्टी. मी चुका काढत होते, कुसुम चहा करत होती.

रविवारी आम्ही तिघं गाडी करून गेलो. सत्कार आपल्याकडे जसा होतो तसाच झाला. साहेबाच्या डोक्यावर पुणेरी पगडी. नंतर साहेब बोलला. म्हणाला, भारतात लाल रंग मंगल, इथली नवरी लाल कुंकू लावते, म्हणून आमचा नवा शर्ट ही तुम्हाला दिलेली भेट आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या कपाळावरच्या कुंकवाच्या जिवावर हा मेला शर्ट विकतोय आणि आमचेच लोक टाळ्या वाजवतायत.

मग रणदिव्यांना वर बोलावलं. अंगावर शाल घातली, एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात हा एवढा मोठा पुष्पगुच्छ. आता माईक कुठल्या हातात धरणार? सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माईक त्यांच्या तोंडापुढे धरला. "सर, द मेन हू मेड धिस क्लब वेअर डायर्स," हा क्लब रंगाऱ्यांनी काढला, एवढं एकच वाक्य झालं. "काका, थोडक्यात हं," म्हणत तिनं माईक काढून घेतला आणि गाणं वाजायला लागलं. सत्काराच्या जागी भांडायचं नाही, हे आपलं वळण. नारळ खाली ठेवून माईक हिसकावावा, हे त्या माणसाला सुचलंसुद्धा नाही. तो आपला नारळासकट नमस्कार करत राहिला. तेवढ्यात तिनं त्यांच्या गळ्यातला मफलर ओढून काढला आणि लाल घातला. फोटोसाठी.

मफलर टेबलावर पडला, वड्यांच्या तेलकट बश्यांत. साहेबानं तो दोन बोटांनी उचलला, निरखून पाहिला आणि अगदी हसतमुखानं रणदिव्यांना विचारलं, "हा कुठल्या क्लबाचा?"

रणदिव्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी नारळ आणि पुष्पगुच्छ साहेबाच्या हातात दिला, लाल मफलर काढून त्याच्यावर ठेवला आणि आपला घेऊन ते खाली उतरले. मी आयुष्यात पुष्कळ निर्लज्ज माणसं पाहिली. हा निर्लज्जही नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचीच मला जास्त किळस आली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मी त्यांच्याकडेच टेकले. रणदिवे चपला काढता काढता म्हणाले, "कुसुम, गीझर लाव. डोक्यावरून आंघोळ करायची आहे."

आपल्याकडे तिन्हीसांजेला पुरुषमाणूस डोक्यावरून आंघोळ कधी करतो, ते सांगायला नको. लांबच्या नात्यातलं कुणी गेल्याचं कळलं की. कुसुम चमकली. "अगबाई, कुणाचा फोन आला? कोण गेलं?"

"होतं एक," ते म्हणाले आणि टॉवेल घेऊन आत गेले.

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. बाथरूममधून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. ते बाहेर आले, केस न पुसताच खुर्चीत बसले. कुसुम उठली, कपाटातून धुतलेली साडी काढली आणि आत गेली. पुन्हा पाण्याचा आवाज.

ती परत आली तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, "अगं, तू कशाला?"

"वा! मी कशाला म्हणजे?" ती म्हणाली. "लग्न करून आले तेव्हापासून घरात होतं ते."