रोजनाम्यातली गैरहजेरी

परभणीच्या कोर्टात ते विशेष सरकारी वकील होते. पुकारा होईपर्यंत आवारातल्या कडुलिंबाखाली डोळे मिटून बसत. उन्हाचे कवडसे त्यांच्या काळ्या कोटावरून सरकत राहत. शिपायाने दुसऱ्यांदा हाक दिली की "आलो की, मालक" म्हणत झोपेत चालल्यासारखे आत येत आणि इतक्या हळू आवाजात प्रश्न विचारत, की साक्षीदाराला विसरलेलंही आठवू लागे.

मी तिथे बेंच क्लार्क होतो. रोजचं कामकाज रोजनाम्यात लिहायचो. पुकाऱ्याआधीच हजेरी लिहून मोकळं व्हायची माझी सवय. चारठाण्याच्या एका बाईच्या मुलाचा खून झाला होता. त्या खटल्यात तीन तारखांना, ते अजून झाडाखालीच होते म्हणून, मी त्यांना 'गैरहजर' लिहिलं आणि दुरुस्त करायचं राहून गेलं.

पुढे नवे न्यायाधीश आले. त्यांनी जुना रोजनामा चाळला. म्हणाले, "तुम्हाला नेमलं सरकारनं, काढणंही त्यांच्याच हाती. पण ही गैरहजेरी मला सरकारला कळवावी लागेल."

वकील माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, मी आलो होतो की न्हाई, तुमीच सांगा."

माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. "लिहिलंय तेच खरं, साहेब," मी न्यायाधीशांना म्हणालो.

पत्र गेलं, नेमणूक रद्द झाली. शेवटच्या दिवशी ते त्याच झाडाखाली होते. मला पाहून म्हणाले, "त्या बाईला सांगा, नवा वकील येईल. लय घाबरू नका म्हणावं."

अजून दुपारी डोळा लागला की ते कवडसे सरकताना दिसतात. म्हणून आज लिहितो: त्या तिन्ही तारखांना ते हजर होते.