रंगवलेली ओल

सुरेश गेला त्याची पहिली चाहूल मला आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने दिली. मी खाली बोंबील घ्यायला गेले होते. कोळीण ओळखीची, तिच्याशी दोन शब्द भांडून पिशवी घेऊन लिफ्टपाशी आले, तर तो म्हणाला, "आजी, लवकर वर जावा, साहेबांना काय तरी झालंय." वर गेले तर दार सताड उघडं. शेजारचे डॉक्टर बाहेर पडत होते, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सुरेशची बायको अलका आतल्या खोलीच्या दारात जमिनीवर बसलेली. आणि सुरेश आत, खाटेवर... त्या खोलीत. घरात चांगले पलंग आहेत, सोफा आहे, आणि माणूस मेला कुठं, तर त्या नाटकी खोलीत, त्या रंगवलेल्या ओलीखाली. म्हातारी दगड आहे म्हणाल, पण खोटं कशाला बोलू, मला पहिली शिसारी आली. रडू मागून आलं. बोंबलांची पिशवी कितीतरी वेळ माझ्या हातातच होती, पाणी गळत होतं लादीवर.

सुरेश माझा दीर, पण वाढवला मी. माझं शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, तेही अर्धं, म्हणून मी बोलतेय आणि त्याची मुलगी तन्वी लिहून घेतेय. बोलायचं कारण असं की त्याचे दिवसपाणी झाले आणि पेपरच्या पुरवणीत त्याच्यावर लेख आला. त्याच्याकडे आपल्या टॅक्सच्या कामासाठी येणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिला. चांगलं लिहिलंय, सुरेशचा स्वभाव, त्याची ती खोली, सगळं. पण त्यात छापलंय की सुरेशचा मोठा भाऊ संपात गिरणीच्या गेटवर हातात बावटा धरून कोसळला. सुरेशचा मोठा भाऊ म्हणजे माझा नवरा. हे गेटवर कोसळले नाहीत. गेटवर कोसळतो तो सुरेशच्या लाडक्या पिक्चरमधला भाऊ. ह्यांचं नाव आयुष्यात एकदा पेपरात आलं, तेही मेल्यावर इतक्या वर्षांनी, आणि मरण लावलं दुसऱ्याचं. ते मला चालायचं नाही.

सुरेश गावाहून आला तेव्हा एवढासा होता. सासूबाई गेल्या आणि हे शेंडेफळ कुणी सांभाळायचं, म्हणून ह्यांनी त्याला मुंबईला आणलं. डिलाईल रोडला आमची चाळ. एक खोली. हे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि मी खानावळ चालवायचे, आमच्याच गावाकडचे गिरणीवाले पाळीप्रमाणे जेवायला यायचे. सुरेश सगळ्यांच्या ताटात डोकावायचा आणि मोरीच्या कठड्याशी पाय पोटाशी घेऊन झोपायचा, कारण पाय पसरायला जागा नव्हती. मग संप झाला. महिना गेला, दोन गेले, खानावळीचे मेंबर एकेक करून गावाला निघून गेले, गावाला निदान पेज तरी मिळते. आम्ही राहिलो. ह्यांनी हमाली केली, कांदे-बटाटे घेऊन रस्त्यावर बसले, आणि मग खोकला लागला. मी दादरला लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जायला लागले. संप मिटला असं कुणी आम्हाला कधी सांगितलंच नाही. गिरणी काही उघडली नाही आमच्यासाठी.

सुरेश मात्र शिकला. नोकरीला लागला, पुढे स्वतःचं टॅक्सचं काम सुरू केलं. चाळ पाडली, त्याच जागेवर टॉवर झाला, आणि आम्ही ढगात राहायला गेलो. त्याने मला कधी अंतर दिलं नाही, हे आधी सांगून टाकते. मासळीचा मधला तुकडा माझ्या ताटात, बायको समोर बसलेली असली तरी. लोकांनी विचारलं, "या कोण?" की म्हणायचा, "ही माझी वहिनी, हिच्यामुळे मी आहे." एवढं सगळं खरं. पण त्या पिक्चरने त्याचं डोकं फिरवलं, हेही खरं.

कॉलेजात असताना त्याने तो बघितला. गिरणगावातला पिक्चर, चाळीतली खोली, मोठा भाऊ, धाकटा भाऊ, वहिनी, संप. चार वेळा बघून आला आणि मग मला ओढत लालबागला थिएटरात नेलं. "वहिनी, आपलीच गोष्ट आहे गो, बघ तर." बघितली. संपात उपाशी असलेल्या बाईच्या अंगावर इस्त्री मारलेलं लुगडं. केसाला तेल, हातात भरगच्च चुडा. शेवटी मोठा भाऊ गेटवर पडतो, छातीवर बावटा, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाने शिट्टी मारली. मी उठून बाहेर आले. बाहेर शेंगदाणेवाला होता. थोड्या वेळाने सुरेश डोळे लाल करून आला. "नाय आवडला?" म्हणाला. मी म्हटलं, "चांगला होता की. घे, शेंगदाणे खा."

मला वाटलं, वय आहे, जाईल. कसलं जातंय. कॅसेट आणली, मग सीडी, मग तो पिक्चर फोनमध्ये आला. लॉकडाऊनपासून त्याने ऑफिस घरीच आणलं, आतल्या खोलीत, आणि एक दिवस म्हणाला, "वहिनी, मी ऑफिस करणार ते डिट्टो त्या पिक्चरमधल्या खोलीसारखं." अलका मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वहिनी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. लोक चाळीतून फ्लॅटमध्ये जातात, आम्ही फ्लॅटमधून चाळीत चाललोय." मी सांगितलं. त्याने ऐकलं नाही.

सिनेमाच्या लायनीतला पेंटर आला. फोनवर पिक्चर थांबवून ठेवायचा आणि भिंतीवर स्पंजने ओल काढायचा. ओल! खालून वर चढलेली, कडेला पिवळी, मधे हिरवट. कोऱ्या, गुळगुळीत भिंतीवर. मी जन्मभर ती ओल खरवडली हो. दर दिवाळीला चुना, आणि पंधरा दिवसांत ती परत चुन्याच्या वर. तिने गोधड्या कुजवल्या, तिनेच ह्यांची छाती धरली असं डॉक्टर म्हणाला होता. आणि हा बाप्या तिला दोन पावलं मागे सरून निरखतोय, गणपतीचे डोळे लिहिल्यासारखा. मला म्हणतो, "काकू, खरी वाटते ना?" मी म्हटलं, "वास नाय येत." तर म्हणे, "वासाचं पण असतं काकू, स्प्रे मिळतो."

पुढे तर विचारू नका. स्टोव्हच्या मागच्या भिंतीला काजळी, बोटाने चोळून लावलेली. कोपऱ्यात मोरी केली, तिला भोक नाही. दोरीवर एक लुगडं वाळत, जे कधी धुतलेलंच नाही. कॉम्प्युटर लपवला पत्र्याच्या ट्रंकेत आणि एसी जाळीच्या कपाटाआड. फळीवर ओळीने पितळेची भांडी, घागर, कळशी, परात, सगळी चिंच लावून लखलखीत. लोक टॅक्सचे कागद घेऊन यायचे आणि खाटेवर बसून म्हणायचे, "वा! काय फील आहे!" फोटो काढायचे. मी त्या खोलीत पाय ठेवला नाही. चहा दारातून द्यायचे.

आणि दारातूनच एक दिवस ऐकलं. दोन-तीन माणसं बसली होती, सुरेश रंगात आला होता. "...दादा गेटवर पडला, पण बावटा त्याने जमिनीला लागू दिला नाय," असं हात वर करून सांगत होता. माझ्या हातात चहाचा ट्रे. आधी वाटलं पिक्चरचं सांगतोय. मग कळलं, पिक्चरचं नाही, घरचं म्हणून सांगतोय. माझ्या अंगाची आग झाली.

मी म्हटलं, "सुरेश, सगळं छान केलंस, एकच राहिलं बघ."

तो खूश. "काय गो वहिनी? सांग ना."

"खाटेखाली थुंकीचा डबा ठेव. वनस्पती तुपाचा होता आपला, तळाला राख घातलेली. तुझा दादा त्यात थुंकायचा, रक्तासकट. रोज सकाळी संडासाच्या रांगेत तो डबा पदराखाली घेऊन मी उभी राहायचे. तो डबा पण बनव. पेंटरला सांग, त्याच्याकडे लाल रंग असेल."

पाहुण्यांनी चहा घेतला नाही. सुरेशचा चेहरा पांढरा पडला. ते गेल्यावर म्हणाला, "माणसांसमोर माझी लाज काढलीस." मी म्हटलं, "तू माझ्या नवऱ्याची काढलीस. हमाली करून, खोकून मेला तो काय कमी मेला, म्हणून त्याला गेटवर मारतोस?" मग कित्येक दिवस एका घरात आम्ही दोघं मुक्यासारखे. मासळीचा तुकडा तेवढा न बोलता ताटात पडायचा.

एका दुपारी त्याने हाक मारली. "वहिनी, ये गो जरा आत." आवाज लहानपणी आजारी असला की यायचा तसा, म्हणून गेले. पहिल्यांदाच त्या खाटेवर बसले. एसीने पाय गारठले. तो खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मला दादाचं तोंड आठवत नाय. डोळे मिटले की तो नटच येतो."

ह्यांचा फोटो म्हणाल तर लग्नातला एक होता, तो पण ओलीने खाल्ला.

"मग मला विचारायचंस," मी म्हटलं.

"तू कधी बोललीस?"

काय बोलायचं होतं? नळाला पाणी पहाटे यायचं, मग पोळ्या, मग हॉस्पिटल, मग परत पोळ्या. त्यात बोलत कोण बसतं. मी म्हटलं, "कान तुझ्यासारखे होते. मोठे. हसले की एक डोळा बारीक व्हायचा. तुझा नट गोरा आहे, हे चांगले काळे होते." त्याने आपल्या कानाला हात लावून बघितला.

मग माझी नजर फळीवर गेली. "आणि ही भांडी कुणाची?"

"आपली. होती ना आपल्याकडे?"

"होती. संपात विकली. आपलीच नाय, चाळीत कुणाच्याच फळीवर संपात पितळ राहिलं नव्हतं. तुझ्या पिक्चरवाल्यांना कुणी सांगितलं नसेल. आपली घागर सगळ्यात शेवटी गेली. माझ्या आईने दिलेली. ती मोडीवाल्याकडे तूच नेलीस."

"मी?"

"तूच. माझ्या हातून घेतलीस आणि टोपीसारखी डोक्यात घातलीस. आत ओरडलं की आवाज घुमतो म्हणून हू हू करत अख्ख्या डिलाईल रोडने गेलास, गटाराच्या कडेने, आंधळ्यासारखा. लोक हसत होते. मी मागून. मला रडायला पण दिलं नाहीस मेल्या."

त्याला यातलं काही आठवत नव्हतं. पण एवढा मोठा बाप्या उठला, फळीवरची घागर काढली आणि तिच्यात तोंड घालून ओरडला, "हूऽऽ!" बाहेरून अलका, "अहो, काय चाललंय काय?" तो हसत सुटला. हसता हसता डोळे पुसत होता. मग म्हणाला, "आता दादाचं सांग. कसा गेला ते. खरं सांग." मी म्हटलं, "उद्या सांगते, चहाची वेळ झाली." दुसऱ्या दिवशी त्याची कामाची माणसं आली, त्याच्यानंतर अलकाच्या माहेरी लग्न होतं. आणि मग ती बोंबलांची सकाळ.

त्याचं ऐकायचं राहिलं, तर आता तुम्ही ऐका. हे सरकारी हॉस्पिटलात गेले, व्हरांड्यातल्या खाटेवर, कारण आत जागा नव्हती. मी दादरला पोळ्या लाटत होते. सुरेश शाळेत होता. बावटा नव्हता, गेट नव्हतं, कुणी घोषणा दिल्या नाहीत. बाजूच्या खाटेवरच्या माणसाने मला सांगितलं की सकाळी त्यांनी चहा मागितला होता, आणि चहा येईपर्यंत डोळे मिटले. एवढंच. ह्यांनी कुणाचा पैसा बुडवला नाही, दारू प्यायली नाही, माझ्यावर हात टाकला नाही, आणि छातीत दुखत असताना पाठीवर गोणी उचलल्या. यात लपवण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

दिवस झाल्यावर अलका म्हणाली, "वहिनी, मोडून टाकते ती खोली, मला बघवत नाही." मी म्हटलं, मोड. तोच पेंटर आला. ओल घासून काढताना हळहळला. "काकू, मेहनत होती हो ह्याच्यात." मी म्हटलं, "माझी पण होती." काजळी गेली, बिनभोकाची मोरी फुटली, लुगडं गेलं. भांडी अलकाने मोडीवाल्याला देऊन टाकली, मी एकालाही हात लावला नाही. सुताराने फळी उचकटायला घेतली, तेव्हा मात्र मी म्हटलं, ती राहू दे. अलकाने विचारलं, "काय ठेवायचं आहे त्यावर?" मी म्हटलं, काही नाही.

आता भिंत पांढरी आहे आणि फळी रिकामी. संपात होती तशी. दुपारी मी तिथं खुर्ची ओढून बसते. त्या खोटारड्या खोलीचा राग अजून गेलेला नाही, जाईल असं वाटत नाही. पण रिकाम्या फळीकडे बघितलं की सुरेश दिसतो. पोरगं घागर डोक्यात घालून हू हू करत पुढे चाललंय, आणि मी मागून ओरडतेय, "मेल्या, गटार बघ... गटार बघ..."