जांभळ्या पट्ट्यांची काईल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आमची तालीम, म्हणजे पेठेतलं मंडळ, एक फलक लावणार आहे. गणपती विसर्जनाची काईल आपल्या गल्लीत कशी आली, ते त्यावर लिहायचं आहे. मजकूर देण्याचं काम माझ्याकडे आलंय, कारण गेली कित्येक वर्षं त्या काईलीचं श्रेय माझ्या नावावर चालत आलं आहे. ते खरं नाही. फलकावर फार तर चार ओळी मावतील. बाकीचं इथे लिहितो.

काईल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस जिच्यात उकळतो ती भलीथोरली लोखंडी कढई. कोल्हापुरात हे सांगावं लागू नये, पण आताच्या मुलांनी गूळ पाकिटातच पाहिलेला असतो.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. एका वर्षी घरगुती गणपतींचं विसर्जन झाल्यावर वर्गाला पंचगंगेच्या घाटावर नेलं. पाणी ओसरलेल्या पायऱ्यांवर सोंडा, हात, मुकुट पडले होते. एका मूर्तीचं नुसतं पोट चिखलात रुतलं होतं आणि त्यावर कावळा बसला होता. प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं निर्माल्य तसंच तरंगत होतं. मुलं एरवी नदीवर गेली की दंगा करतात. त्या दिवशी कुणी दंगा केला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात दोन बादल्या ठेवल्या. एकीत शाडूच्या मूर्तीचा तुकडा टाकला, दुसरीत प्लास्टरचा. शाळा सुटेपर्यंत शाडूचा गाळ झाला. प्लास्टरचा तुकडा जसा होता तसाच राहिला, फक्त त्याचा रंग सुटून पाणी गुलाबी झालं. हात घालून बघा म्हणालो. पोरांनी घातले, आणि गुलाबी झालेले हात घेऊनच घरी गेली. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास तोच.

पुढच्या वर्षी हीच पोरं शिवाजी पेठेत घरोघर फिरली. ‘मूर्ती नदीत सोडू नका, दान करा,’ असं सांगायला मीच शिकवलं होतं. तिथे आमचं गणित चुकलं. आमच्या शेजारच्या काकूंनी मुलांना चुरमुरे दिले आणि मला दारात बोलावून घेतलं.

“मास्तर, देव काय जुनं लुगडं हाय व्हय, दान करून टाकायला?”

“तसं नाही काकू, नदी...”

“नदीचं कळतंय मला. पर बाप्पाला पाण्यात सोडल्याबिगर माघारी कसा धाडायचा? दान म्हणं!”

सगळ्या पेठेत हेच ऐकायला मिळालं. मूर्ती गोळा करायला घाटावर मांडलेलं आमचं टेबल जवळजवळ रिकामंच राहिलं. माणसं यायची, मुलांचं कौतुक करायची, आणि मूर्ती घेऊन तशीच पायऱ्या उतरून पाण्यात जायची.

त्याच्या पुढच्या वर्षी गौरीच्या दिवशी माझा मेहुणा शेपूच्या जुड्या घेऊन आला. बायकोचा हा धाकटा भाऊ. शहराबाहेर त्याची शेती आणि गुऱ्हाळ. माणूस लाखात एक, पण एक खोट होती. लहानपणी तो मामाकडे दुसऱ्या पेठेत शिकायला होता, आणि तेव्हापासून फुटबॉलमध्ये त्या पेठेच्या संघाचा. आमच्या तालमीचा संघ आणि त्यांचा संघ यांच्यातलं वैर बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. सामन्याच्या दिवशी तो आमच्या घरी चहासुद्धा घेत नसे.

भाजी-भाकरीचं ताट पुढे ओढत त्यानं विचारलं, “दाजी, यंदा बी टेबल मांडून बसणार?”

“बघू.”

“तुमच्या पोरास्नी गोल मारता येत न्हाय, आन तुमास्नी गणपती बुडवता येत न्हाय. माझी एक जुनी काईल पडल्या गुऱ्हाळात. बूड पातळ झालंय, आता रसाला चालायची न्हाय. ती न्या आन घाला त्यात पाणी. तेवढ्यात तर तुमची अख्खी फॉरवर्ड लाइन बुडंल.”

बायको खो खो हसली. मला त्यातला टोमणा तेवढा लागला. मी म्हणालो, “आधी जेव.”

तो मात्र जेवून गेला आणि विसर्जनाच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काईल घालून गल्लीत हजर झाला. काईलीला बाहेरून जांभळे-पांढरे पट्टे मारले होते. त्याच्या संघाच्या जर्सीचे.

गल्लीत आधी हशा झाला, मग कुजबुज. तालमीची पोरं जमली. “सर, काईल झकास हाय. पर आमचा बाप्पा ह्या रंगात? जमायचं न्हाय.” मेहुणा ट्रॅक्टरवर बसून मजा बघत होता. “पट्टे नंतर खरवडून टाकतो,” असं पोरांना सांगून मी घाईघाईनं मांडववाल्याकडून भगवं कापड आणलं आणि काईलीला कडेनं गुंडाळलं. वर आंब्याचे डहाळे बांधले. समोरच्या फळवाल्या भाभींनी आपल्या बोअरची नळी ओढून दिली.

पाणी भरलं, पण पुढे कुणी येईना. शेवटी त्या शेजारच्या काकूच पाटावर मूर्ती घेऊन आल्या. काईलीभोवती एक फेरी मारून विचारलं, “हिच्यात काय शिजवत हुता?”

“गूळच की मावशी. दुसरं काय शिजणार?” मेहुणा ट्रॅक्टरवरून म्हणाला.

“मग झालं! मोदकाचं सारण जिच्यातनं येतंय तिच्यात जायला बाप्पाला कसली आडकाठी?” असं म्हणून त्यांनी मूर्ती तीनदा बुडवून सोडली. त्यांच्यामागे सगळी गल्ली आली. दान नव्हतं ते. विसर्जनच होतं, फक्त पाणी गल्लीतलं होतं. संध्याकाळी शाडूचा गाळ मुलांनी शाळेच्या बागेत नेला. प्लास्टरच्या मूर्ती बाजूला काढून वेगळ्या ठेवल्या. त्या विरघळल्या नाहीत हे घरोघरच्या माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यामुळे पुढच्या वर्षापासून शाडूच्या मूर्ती आपोआप वाढल्या.

दोन दिवसांनी एक वार्ताहर आला. कल्पना कुणाची, असं त्यानं विचारलं. सभोवती तालमीची पोरं उभी होती. मी म्हणालो, “आमच्या गल्लीची. आमच्या तालमीची. मुलांना घेऊन मी पुढाकार घेतला, एवढंच.” काईल कुठली? “एका गुऱ्हाळातून आणली.” एका! खरं सांगितलं असतं तर पोरं पुढच्या वर्षी त्या काईलीला हात लावणार नाहीत, असं मी मनाला समजावलं. ते थोडंसं खरंही होतं. पण आमच्या पेठेला जे जमलं नाही ते त्या संघाच्या माणसानं जमवलं, हे माझ्याच तोंडून निघेना, हे जास्त खरं.

बातमी छापून आली. शाळेत शाल मिळाली. मेहुणा गुळाची ढेप घेऊन अभिनंदनाला आला. म्हणाला, “झकास छापलंय की, दाजी.” चहा घेतला आणि गेला. त्यानंतर विसर्जनाला तो कधी आला नाही. काईल न चुकता यायची, ट्रॅक्टर चालवायला गडी असायचा.

बायको माझ्यावर ओरडली नाही. एकदाच म्हणाली, “त्याचं नाव घेताना तुमच्या जिभेला काय झालं हुतं?” मग दरवर्षी विसर्जनाच्या दिवशी ती भावासाठी एक ताट झाकून ठेवायची आणि रात्री ते स्वतःच जेवायची. ती चांगली बोलायची, हसायची, आमचा संसार सुखाचाच झाला. पण विसर्जनाचा दिवस असा जायचा.

आणि एक गोष्ट फक्त मला माहीत होती, कारण काईल गल्लीत शिरण्याआधीच ती गुंडाळायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नसे. तो दरवर्षी पट्टे नव्यानं रंगवून पाठवायचा. दरवर्षी मी ते नव्यानं झाकायचो. या विषयावर आम्हा दोघांचं एवढंच बोलणं उरलं होतं.

यंदा फलकाचं ठरवायला तालमीत बैठक झाली. अध्यक्ष माझाच विद्यार्थी, गुलाबी हातांच्या त्या वर्गातला, आता कानापाशी पांढरा झालेला. त्यानं ‘संकल्पना’ या शब्दापुढे माझं नाव घातलं होतं. मी उठलो आणि सगळं सांगितलं, कापडासकट.

मागून आताच्या पोरांतला एकजण ओरडला, “म्हंजे इतकी वर्सं आमच्या घरचा बाप्पा त्येंच्या काईलीत?”

“त्यांच्याच.”

“तरीच आमी फायनल हारतोय!”

सगळी तालीम हसली. अध्यक्ष हसता हसता म्हणाला, “सर, पोरांना विचारायचं तरी. आमी काय काईल फोडली असती व्हय?” मग स्वतःच म्हणाला, “फोडली असती म्हना तवा. पर आता न्हाय.” एकानं सुचवलं की अर्ध्या भागाला आपला रंग मारायचा. त्यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी ठरलं, रंग आहे तोच ठेवायचा आणि कापड गुंडाळायचं नाही.

मी आणि बायको एसटीनं मेहुण्याकडे गेलो. गुऱ्हाळ अजून बंदच होतं. त्याला सगळं सांगितलं, फलकावर त्याचं नाव आणि त्याच्या संघाचं नाव घालणार तेही. तो उसाच्या वाळल्या चिपाडांच्या ढिगाशेजारी उकिडवा बसून ऐकत होता.

“नाव नगं वो, दाजी. ‘ये’ म्हटला असता तरी आलो असतो.”

“दरवर्षी गड्याबरोबर निरोप धाडत होतो की.”

“झाकलेल्या काईलीशेजारी उभा राहून काय करू मी?”

बायको म्हणाली, “यंदा उघडी हाय. जेवायला ये.” नाव फलकावर जाणार आहे, त्यात मी त्याचं ऐकणार नाही.

एका गल्लीच्या काईलीनं पंचगंगा स्वच्छ झाली, असं मी म्हणत नाही. नदीत अजून बरंच काही जातं आणि त्याला गणपती जबाबदार नाहीत. पण आता आसपासच्या गल्ल्यांतही काईली येतात, निर्माल्याचं खत होतं, आणि तालमीची पोरं प्लास्टरची मूर्ती आणणाऱ्याची यथेच्छ चेष्टा करतात. म्हातारपणी माणसाला याहून जास्त काय लागतं?

यंदा विसर्जनाला मेहुणा ट्रॅक्टर स्वतः चालवत आला. जांभळे पट्टे उन्हात चकचकत होते. बायकोनं दारातूनच ओवाळलं त्याला. कोपऱ्यावर खुर्ची टाकून तो काईलीला खेटून बसला आणि पाणी किती भरायचं यावरून सगळ्यांना हुकूम सोडू लागला. आरतीची वेळ झाली तसा तालमीचा एक नवा पोरगा त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, “पावणं, जरा बाजूला सरता का?”

“पावणं कुनाला म्हनतोस रं? काईल माझी हाय. तूच सर, आन जाता जाता नळ सोड. पाणी कमी हाय.”

पोरगा मुकाट नळ सोडायला गेला.