पुस्तक्याने काढलेला वेळ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या मेकॅनिकला कामावरचे सोबती ‘पुस्तक्या’ म्हणत. वीस वर्षं तेच काम करूनही माहितीपुस्तिका शेजारी उघडी ठेवल्याशिवाय तो स्क्रूला हात लावत नसे.

“अरे, आता पाठ झाली असेल की.”

“पाठ आहे म्हणूनच चूक होते,” तो म्हणे.

दर रविवारी ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातली माइक-स्पीकरची यंत्रणा तोच सांभाळी. तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, मात्र अगदी दुसऱ्या टोकाचे. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांना लागे, पण टॅब्लेटला उंची द्यायला. एक वचन वाचायचं, ते जाड पुस्तक मिटून टॅबखाली सरकवायचं, की गाडी सुटली: त्यांचा विमानप्रवास, त्यांची नातवंडं, त्यांची शुगर. लोक पोट धरून हसत. ‘काय बोलले!’ म्हणत बाहेर पडत. नेमकं काय बोलले, ते जिना उतरेपर्यंतही कुणाच्या लक्षात राहत नसे.

सध्या पाठ चालू होता तळ्याकाठी पडून असलेल्या, अडतीस वर्षं आजारी माणसाचा. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो, अशी त्या तळ्याची ख्याती. पहिल्या रविवारी तळ्यावरून पाळकांना एका हॉटेलातला पोहण्याचा तलाव आठवला. दुसऱ्या रविवारी ते त्या तलावात उतरले. उथळ पाण्याला खळखळाट फार.

पुस्तक्याला हसू येत नव्हतं. पहिल्या बाकावर त्याची आई बसे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. शस्त्रक्रिया करा, असं सांगून डॉक्टर थकले होते. ती दर खेपेला नवं कारण काढी. शेवटी म्हणाली होती, “बरं व्हायचंय का, असं प्रभू येशू त्या माणसाला विचारतो. आजाऱ्याला असं कुणी विचारतं का रे? पाळकांना याचा अर्थ सांगू दे, मग बघू.”

तिसऱ्या रविवारी वचन वाचून झालं आणि टॅब बंद पडला. पाळकांनी दोनदा बटण दाबलं, घसा खाकरला. चाळीस वर्षं उपदेश केलेला माणूस, पण किस्से सगळे टॅबमध्येच लिहिलेले. त्यांनी पुस्तक्याला खुणेने बोलावलं.

“मी चार्जर शोधतो. तोवर काहीतरी वाच. वेळ काढ.”

पुस्तक्याने टॅबखालून शास्त्र ओढलं आणि लिफ्टच्या पुस्तिकेसारखंच हाताळलं. एक ओळ वाचायची, थांबायचं, ती काय सांगते ते सांगायचं, मग पुढची.

“बरं व्हायचंय का, हा प्रश्न. आता उत्तर बघा. तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. म्हणतो, मला पाण्यात सोडायला कुणी नाही, दुसरेच आधी उतरतात. विचारलं एक, सांगितलं भलतंच.”

पहिल्या बाकावर आईने मान वर केली.

पाळक चार्जर घेऊन परतले, तेव्हा पाठातला तो आजारी माणूस बिछाना उचलून चालू लागला होता.

“नुसतं वाचूनच दाखवलंस,” नंतर जिन्यात पाळक त्याच्या खांद्यावर थाप मारत म्हणाले. “त्यात तुझं असं काय होतं?”

“काहीच नव्हतं, साहेब.”

“तेच म्हणतोय मी. लोकांना काहीतरी द्यावं लागतं.”

घरी जाताना आई त्याचा दंड धरून चालत होती.

“म्हणजे त्यानेही कारणंच सांगितली.”

“हो.”

“अडतीस वर्षं. माझी दोनच झालीत.” चार पावलं गेल्यावर तिने विचारलं, “डॉक्टरांकडे कधी जायचं?”

“उद्या जाऊ या?”

“उद्याच. परवापर्यंत मला नवं कारण सुचेल.”