धोट्याची सवय

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत सुकलालची रिक्षा धावत आली की शेजारी ओळखायचे, भटूआप्पांना पुन्हा दम लागला. पारोळ्याकडचा हा माणूस, उभं आयुष्य इथल्या लूमवर कापड विणण्यात गेलेलं. आता फुप्फुसं कामातून गेली होती. एक वाक्य बोलायचं तर मध्ये चारदा थांबावं लागे. दम चढला की त्यांची बायको कलाबाई घाबरून रिक्षा बोलवायच्या, मग दवाखाना, नाकात नळी, आणि कलाबाई दाराबाहेर. मागच्या खेपेला घरी आल्यावर आप्पा तुटक तुटक म्हणाले, "माले... दवाखानामा... मरानं... नही." कलाबाई हो म्हणून बसल्या खऱ्या, पण पुढच्या वेळी घरी करायचं काय? त्या एका 'हो'नं बाईची झोप उडवली.

त्याच सुमारास, सत्त्याण्णव साली, एका ट्रस्टनं अशा माणसांच्या घरी जाणारी टीम सुरू केली आणि ती आप्पांकडेही आली. डॉक्टरांनी आप्पांना तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "बेन, फुप्फुसं बरी होणार नाहीत. पण ही तडफड कमी करता येईल, घरच्या घरी." कलाबाईंना रडू यायला हवं होतं. उलट बरंच वाटलं. आजवर सगळ्यांनी 'होईल ठीक' म्हणून वाटेला लावलं होतं.

डॉक्टरांनी दम उसळला की द्यायचं थोडं कडू औषध दिलं. सिस्टर सरलाबेननी, वारा लागेल म्हणून लावून घेतलेली खिडकी उघडली, टेबलफॅन थेट आप्पांच्या तोंडासमोर ठेवला आणि उशीवर रेलून पुढं वाकून बसायला शिकवलं. श्वासाचे व्यायाम शिकवणारी हर्षदा म्हणाली, "काका, ओठांचा चंबू करा, हळू सोडा."

आप्पांनी चंबू झकास केला आणि सुर्रकन हवा आत ओढली! खोकून खोकून बेजार. पुन्हा तेच. पोरगी रडकुंडीला आली.

कलाबाईंना एकदम हसू फुटलं. "अवं पोरी, हाई तं धोटानी सवय शे!" लूमवर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सूत बाहेर काढायला धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढायचं. आप्पांनी जन्मभर तेच केलेलं. चंबू म्हणजे ओढणं, दुसरं ठाऊकच नाही.

हर्षदाही हसली. "मग काका, आज सूत उलटं घाला. फुंकून आत ढकला." ते मात्र आप्पांना जमलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी जेवता जेवता आप्पांचा दम उसळला. कलाबाईंनी सवयीनं हाक मारली आणि सुकलाल रिक्षा घेऊन दारात हजर. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती नजर कलाबाईंना सोसवेना.

"थांब रे भाऊ," त्या म्हणाल्या. फॅन लावला, उशी दिली, औषध पाजलं. समोर बसून त्या स्वतःच फुंकू लागल्या. "धोटा नका वढू, फुका!" दारातला सुकलालही गाल फुगवून फुंकायला लागला, जणू दम त्यालाच लागला होता.

हळूहळू आप्पांचे खांदे खाली आले. ओठांवरचा निळेपणा ओसरला. कलाबाई पदरात तोंड खुपसून रडल्या, इतकं सुटल्यासारखं वाटलं.

"अवं, रडस काय? त्या सुकलालले चहा तरी पाज, कवयनं उभं करी ठेयं त्याले!"

आणि हे सगळं आप्पा एका दमात बोलले.